रिंग पुसणारे पक्षीमित्र

मंडळी, आज सकाळी कोलशेतच्या खाडीवर एक थापट्या बदक दिसलं, आणि त्याच्या पायात नंबराची रिंग! लांबच्या कुठल्या तरी थंड देशात पक्षी-अभ्यासकांनी घातलेली. दिसलेला नंबर त्यांना कळवायचा, म्हणजे पक्षी कुठून कुठे गेला ते कळतं.

माझ्या दुर्बिणीतून नंबर काही वाचता येईना. शेजारी आमच्या सोसायटीचे कुलकर्णीकाका, तोफेएवढी लेन्स घेऊन. म्हटलं, "काका, पायाचा फोटो काढा ना." त्यांनी धडाधड काढले. बदक उडालं.

दुपारी पक्षीमित्रांच्या ग्रुपवर काकांचा फोटो आला. पीस न् पीस स्पष्ट, पायात मात्र काहीच नाही. काकांना फोन केला.

"अगं, ते कडं फार खटकत होतं. एडिट करून काढलं. आता कसं नॅचरल वाटतंय!"

"आणि मूळ फोटो?"

"डिलीट केले. कार्ड भरलेलं."

ग्रुपवर हे लिहिलं, तर एका पक्षीमित्राचं उत्तर आलं, "ताई, जाऊ द्या ना, फोटो बघा किती सुंदर आलाय!" खाली टाळ्यांची रांग.

काका, पुढच्या वेळी बदकही पुसून टाका. नुसती खाडी आणखी नॅचरल दिसेल.