भाजीत दोनदा मीठ

पोहण्याची टोपी घालूनच नाश्त्याला बसलेली लेक, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या सासूबाई आणि दुधावर एक डोळा ठेवून वेणी घालणारी वहिनी, असा घरातला कारभार बिनबोभाट चालला होता. आज वहिनीची रजा होती, कारण लेकीची शर्यत होती. मागची शर्यत कंपनीच्या कामापायी हुकली, तेव्हा लेकीने असा काही अबोला धरला की ‘मीठ दे’ हेसुद्धा आजीमार्फत सांगायची. म्हणून वहिनीने फोन बंद करून तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला होता.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

दारात वरच्या मजल्यावरचा धाकटा दीर. एका पायात चप्पल, काखेत लॅपटॉप आणि दाढी अर्धीच झालेली.

“वहिनी, तुमचं जाळं फाटलंय! सकाळपासून एक तिकीट निघेल तर शपथ!”

“आधी आत या, भावजी. असल्या अवतारात जिन्यात ओरडू नका, शेजारी घाबरतील.”

दोघं एकाच कंपनीत होते. कंपनी बसची तिकिटं विकायची. तिथलं काम छोट्या छोट्या प्रोग्रामांत वाटलेलं होतं. एक रिकाम्या जागा सांगायचा, एक भाडं सांगायचा, एक तिकीट पाठवायचा. जो तो आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे जणू स्वतंत्र खोलीत, दार लावून. दीर हे प्रोग्राम लिहायचा आणि वहिनी त्यांच्यातली ये-जा सांभाळायची. प्रत्येकाच्या दाराशी तिने एकेक निरोप्या बसवला होता. कुणाला कुणाकडून काही हवं असेल तर निरोप्यानेच जायचं आणि उत्तर घेऊन यायचं. निरोप्यांच्या या जाळ्याला कंपनीत सर्व्हिस मेश म्हणत, सासूबाई ‘सूनबाईचं पोस्ट ऑफिस’ म्हणत.

वहिनीने वेणी अर्धीच सोडली आणि ओट्यावरच लॅपटॉप उघडला. जागा सांगणारा प्रोग्राम धापा टाकत होता.

“आई, तू येणार ना? की आजीच?” लेकीने दप्तराएवढी पिशवी पाठीला लावत विचारलं.

“येणार,” वहिनी म्हणाली, पण नजर पडद्यावरच होती. “भावजी, गिऱ्हाइकं तर रोजच्याइतकीच आहेत. मग याच्या दाराशी एवढी जत्रा कसली?” आणि ती एकदम थांबली. “अगं बाई! परवा मीच निरोप्यांना सांगितलं, उत्तर आलं नाही तर तीनदा जाऊन बघा.”

दीर चष्मा पुसायला लागला. तो चष्मा पुसायला लागला की पोटात काहीतरी दडवलेलं असतं, हे वहिनीला लग्नाच्या बोलण्यांपासून ठाऊक होतं.

“भावजी?”

“म्हणजे... मी प्रोग्रामातच लिहून ठेवलंय. तीनदा. म्हटलं, निरोप्याचा काय भरवसा!”

“घ्या! तुम्ही तीनदा धाडणार, तो दर वेळी तीनदा जाणार. एका प्रश्नाचे नऊ! आधीच दमलेल्याला अख्खं गाव विचारतंय, का रे बाबा बोलत नाहीस?”

“भाजीत दोघांनी मीठ घातलंत,” सासूबाई म्हणाल्या, “आणि चाखली एकानंही नाही.”

वहिनीने आपलं मीठ काढून घेतलं. मग जागा सांगणाऱ्याकडे जायची वाटच थोडा वेळ बंद केली. निरोप्यांनी बाहेरच्या बाहेर ‘जरा वेळाने या’ म्हणायचं, त्याला हाकसुद्धा मारायची नाही. त्याची धाप ओसरली, तशी थोडी थोडी गिऱ्हाइकं आत सोडली. एक तिकीट निघालं. मग दुसरं. दिराने लहान पोरासारखी टाळी वाजवली.

पण त्याचा फोन मघापासून थरथरत होता. साहेब. झालं का? परत साहेब. आता झालं का?

दारात लेक चपला घालून उभी होती. “आजी, आईला विचार, निघायचं का,” ती म्हणाली, आणि हेच वाईट होतं. वहिनीने दिराच्या हातून फोन घेतला.

“साहेब, तिकिटं निघायला लागलीत. पुढचं भावजी बघतील, त्यांना सगळं दाखवलंय. माझी एकच विनंती आहे. लेकीची शर्यत आहे, दुपारपर्यंत मला कुणी काही विचारू नका.”