दोन बॅग युरियावर एक कादंबरी

माझ्या कादंबरीनं एकही कीड मरत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मरते असं मी कुणाला म्हटलंही नव्हतं! तरी शेतकऱ्यांनी माझ्यावर तोच ठपका ठेवला, सरकारी जीप आली, पंचनामा झाला आणि माझ्या एकुलत्या एका जावयाचं दुकान बंद पडायची पाळी आली. का? तर एका म्हाताऱ्यानं पुस्तक लिहिलं!

मी चौथी शिकलो. म्हणजे चौथीत होतो. (पास झालो की नाही ते बघायला गेलो नाही. निकालाच्या दिवशी बैल चारायचे होते.) पुढं जन्म शेतात गेला आणि सत्तरी उलटल्यावर मी वावर पोरांच्या हवाली करून कादंबरी लिहायला बसलो. 'पराटीतला वाघ' तिचं नाव. पराटी म्हणजे कपाशी. कपाशीत वाघ शिरतो आणि अख्ख्या गावाची खरी तोंडं बाहेर येतात, अशी दमदार गोष्ट आहे. यवतमाळच्या एका छापखान्यातून पदरच्या पैशानं पाचशे प्रती काढल्या. मुखपृष्ठावर हिरवीगार कपाशी, मधोमध वाघाचं तोंड आणि मागच्या बाजूला किंमत : रुपये अडीचशे फक्त. त्यातलं 'फक्त' मी भांडून टाकायला लावलं होतं.

टेम्पोतून गठ्ठे उतरले तेव्हा आमची कौसल्या, म्हणजे माझी बायको, दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"हे काय आनलं वो?"

"कादंबरी हाय."

"एवढी?"

"एकच हाय. प्रती पाचशे हाय."

"मंग माही तूर कुठं ठेवू?"

झालं! साहित्याचं असं स्वागत झालं आमच्या घरी.

मी म्हटलं, जाऊ द्या, घरच्यांना काय कळतं. यवतमाळला पुस्तकाच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"आजोबा, स्पर्धा परीक्षेचं हाय काय?"

"नाही. वाघाचं हाय."

"मंग नाही चालत."

घाटंजीच्या बाजारात पोतडी अंथरून बसलो. एका बाजूला लसूणवाली, दुसऱ्या बाजूला चपला. लसूण संपला, चपला खपल्या, मी होतो तिथंच. शेवटी एक जण थांबला. पुस्तक उलटं केलं, सुलटं केलं, हातात तोलून पाहिलं.

"वाघ कितव्या पानावर येते?"

"दोनशेव्या."

"तोवर काय करते?"

"तोवर वातावरण तयार होते!" मी ओरडलो.

"तयार झालं की सांगा," म्हणाला आणि कांदे घ्यायला गेला. ज्या माणसाला दोनशे पानं वाघाची वाट पाहवत नाही, त्यानं आयुष्यात काय केलं असेल, सांगा बरं!

असा मी जळफळत होतो आणि तोंडावर पाऊसपाण्याचे दिवस आले. जावयाचं घाटंजीला कृषी केंद्र आहे, म्हणजे खत-बियाण्यांचं दुकान. युरियाचा तुटवडा होता. दुकानापुढं ही लांब रांग! मी सहज जाऊन गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसलो, आणि माझे डोळेच उघडले.

शेतकरी युरिया मागायचा. जावई युरियाच्या दोन बॅगा द्यायचा आणि वर एक बाटली ठेवायचा.

"हे कायले?" शेतकरी विचारायचा.

"पिकाचं टॉनिक हाय."

"मी कुठं मांगतलं?"

"मी तरी कंपनीले कुठं मांगतलं होतं? त्याईनं माह्या गळ्यात मारलं. न्या आता."

शेतकरी कंपनीच्या नावानं चार शब्द बोलायचा आणि बाटली घेऊन निघून जायचा! याला म्हणे 'लिंकिंग' म्हणतात. ज्या वस्तूची गरज आहे तिच्या शेपटीला नको ती वस्तू बांधायची. बाटली गोठ्याच्या कोनाड्यात जाते, तिथं तिच्यावर कोळी जाळं करतो, आणि पुढच्या साली पुन्हा दुसरी येते. मी थक्क झालो. जगात कुणी मागितलेली नाही अशी वस्तू डोळ्यांदेखत खपत होती, आणि माझी कादंबरी लसणाशेजारी पडून होती!

संध्याकाळी दुकान जरा रिकामं झालं तसा मी विषय काढला.

"जवाईबापू, त्या बाटलीच्या जागी माही कादंबरी ठेवा."

जावई हसला. मी हसत नाही हे पाहून तो गंभीर झाला. "मामाजी, हे खताचं दुकान हाय."

"म्हनून तं म्हनतो. बाटली कोनी पेत नाही, कादंबरी निदान वाचता येते."

माझी पोरगी वंदना आतून चहा घेऊन आली होती, ती तिथंच थांबली. "बाबा, लायसन जाईन त्याईचं!"

"बाटल्यायनं नाही गेलं, अन् माह्यानं जाते काय?"

"मामाजी, लोक बोंबलतीन..."

"जवाईबापू," मी आवाज खाली आणला, "एवढी पोरगी देल्ली तुमाले. मी तुमचं दुकान नाही मांगून राह्यलो. एक कोपरा मांगून राह्यलो."

याच्यावर कोणता जावई बोलेल? दुसऱ्या दिवशी गठ्ठे दुकानात. (कौसल्यानं स्वतः उचलून टेम्पोत ठेवले. या वयात तिच्या अंगात एवढी ताकद आहे हे मला तेव्हा कळलं.)

आणि कादंबरी खपायला लागली! रोज संध्याकाळी जावई एक पाकीट माझ्या हातात ठेवी. "मामाजी, आजच्या विक्रीचे." मी पाकीट खिशात घालून गावात अशा चालीनं हिंडलो की कुत्रीसुद्धा बाजूला झाली. पारावर बसून सांगितलं, "दुसरी आवृत्ती काढा लागते बहुतेक." दुकानात मी मुद्दाम जात नव्हतो. लेखकानं स्वतःच्या विक्रीवर लक्ष ठेवणं बरं दिसत नाही.

तेच चुकलं. मी तिथं असतो तर दादारावला तिथंच समजावलं असतं.

दादाराव हा आमच्या शिवेचा शेतकरी. माणूस कष्टाळू, पण संशयी. त्याला दोन बॅगांवर कादंबरी मिळाली. त्यानं पाहिलं, वर कपाशी आहे, वाघ आहे. म्हणजे हे वाघ छाप औषधाचं माहितीपुस्तक! घरी जाऊन त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पान न् पान उलटलं आणि तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन आपटलं.

"याच्यात डोसच नाही!"

"कायचा डोस?" जावई म्हणाला.

"पंपाले किती टाकायचं? कोनत्या किडीवर चालते? बोंडअळीवर चालते का मावा-तुडतुड्यावर?"

"दादाराव, ते गोष्टीचं पुस्तक हाय."

"गोष्टी सांगून राह्यला तूच! मांगं अडीचशे रुपये छापले हाय. म्हंजे हे पैसे तू युरियात लावले!"

माल घेऊन निघालेल्या लोकांनी लगेच आपापल्या पिशव्या उघडून पुस्तकं पाहिली. सगळ्यांवर अडीचशे! वर 'फक्त'! इतकी वर्षं तीच माणसं बाटल्या मुकाट्यानं घरी नेत आली. बाटलीवर काय लिहिलंय हे कुणी वाचलं नाही. पण कादंबरी दिसली आणि सगळ्यांना एकदम हक्कांची आठवण झाली! दादारावनं तिथूनच कृषी खात्याला फोन लावला : "बोगस माल देऊन राह्यले. घटक नाही, डोस नाही, एक्स्पायरीची तारीख नाही!" आणि नमुना म्हणून आपली प्रत त्याच दुपारी त्यांच्या कचेरीत नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी जीप आली. मला वंदनाचा फोन आला तो रडतच. मी मिळेल त्या ऑटोत बसून घाटंजी गाठली. दुकानापुढं ही गर्दी! (एवढी गर्दी प्रकाशनाला आली असती तर? प्रकाशनाला मी, कौसल्या आणि चहावाला होतो.) आत टेबलाशी कृषी अधिकारी बसल्या होत्या, वंदनाच्या वयाची पोरगी, पण चेहरा कडक. समोर माझी कादंबरी. बाजूला जावई, तोंड ओल्या पोत्यासारखं झालेलं.

"हे खतासोबत सक्तीनं विकत होतात?" मॅडमनी जावयाला विचारलं.

"नाही मॅडम. फुकट देत होतो."

आता माझं डोकं फिरलं. फुकट? माझी कादंबरी फुकट? पाचपन्नास लोकांसमोर?

"खोटं हाय!" मी पुढं झालो. "विकत गेली! पुऱ्या किमतीत गेली!"

जावयानं डोळे मिटले.

"आजोबा, आपण कोण?"

"आजोबा नाही. लेखक."

मॅडमनी पेन उचललं. "म्हणजे उत्पादक आपणच."

"मीच."

"यात नेमकं काय आहे?"

"एक वाघ, एक विधवा, दोन भावांचं भांडन अन् शेवटी मोठा पूर."

त्यांनी ते सगळं खरोखर लिहून घेतलं. लोक दाराशी माना उंचावून ऐकत होते. दादाराव म्हणाला, "पाहा, आता घटक सांगून राह्यला!"

"आणि ही अडीचशे रुपयांना सक्तीनं विकली गेली, असं तुमचं म्हणणं?"

"सक्ती कायची? लोक गुणानं घेत होते! सक्ती तं त्या बाटल्या..."

एवढ्यात वंदनाच्या हातून चहाचा अख्खा ट्रे खाली पडला. (पडला कसला, तिनं सोडला.) "बाबा, जरा आत या," म्हणत तिनं मला दंडाला धरून गोदामात ओढलं. युरियाच्या थप्पीमागं उभी राहून ती कुजबुजत ओरडली. बायकांना ते जमतं.

"बाबा, तुमी आमचं दुकान बुडवून राह्यले!"

"अवं पन मी खरं..."

"खरं ऐका मंग. एकानंही पैसे नाही देल्ले. एकानंही! हे सगळ्यायले फुकटच वाटून राह्यले. तुमाले जे पाकीट भेटे, ते त्याईच्या खिशातलं होतं."

मी खिशातलं पाकीट चाचपलं.

"काहून?"

"तुमचं उतरलेलं तोंड त्याईले पाहवत नव्हतं म्हनून."

"मंग मले सांगतलं काहून नाही!"

"सांगतलं असतं तं तुमी जेवले असते काय?"

खरं तर मला रागच आला होता. पण कुणावर काढावा ते समजेना. माझ्याशी इतका वाईट वागणारा जावई मी पाहिला नव्हता, आणि इतका चांगलाही नाही. बाहेर लोकांचा गलका चालला होता. या दुकानावर वंदनाचं घर चालत होतं. आणि ते वाचवायचा रस्ता एकच होता. माझी कादंबरी कुणी विकत घेतली नाही, हे मी माझ्या तोंडानं सांगायचं!

मी बाहेर आलो. घसा खाकरला.

"मॅडम, जवाईबापू खरं बोलून राह्यले. फुकट वाटली. माही समजूत चुकली होती."

"नक्की?"

"नक्की. कोनी एक पैसा नाही देल्ला." पुढचं वाक्य मनात म्हटलं, ते इथं लिहीत नाही.

मॅडमनी कागदावर जबाब लिहिला आणि मोठ्यानं वाचला : "सदर पुस्तक ग्राहकांना विनामूल्य देण्यात आले असून त्यास कोणतेही मूल्य नाही."

"थांबा!" मी म्हटलं. "बाजारात मूल्य नाही. साहित्यात हाय. तसं टाका."

"आजोबा, तो रकाना नाही यात."

"मंग पाडा!"

"बाबा!" वंदना.

"मामाजी!" जावई.

"करून टाका ना वो सही," मागून दादाराव, "आमाले फवारनीले जायचं हाय."

केली सही. एवढी वाकडी सही मी आयुष्यात केली नाही. मॅडमनी तिच्यावर शिक्का मारला. टीकाकार इतरांच्या पुस्तकांना हलकं म्हणतात ते नुसतं तोंडानं. माझ्या पुस्तकाला काही किंमत नाही हे मात्र सरकारदप्तरी नोंदलं गेलं, खाली दोन पंचांच्या सह्या घेऊन! जावयाचं लायसन वाचलं. जाता जाता मॅडमनी कोपऱ्यातल्या बाटल्यांकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "ह्या आजच्या आज कंपनीला परत. पुन्हा दिसल्या तर मी पुस्तकासाठी नाही येणार." जावयानं मान हलवली ती ऑटोतल्या बाहुलीसारखी.

लोक पांगले. जीप सुरू झाली आणि पुन्हा बंद झाली. मॅडम खाली उतरून माझ्याकडे आल्या.

"आजोबा, एक प्रत मिळेल का? काल तक्रार आली म्हणून चाळायला घेतली, तर चाळीस पानं वाचून झाली. आता ती प्रत पुरावा म्हणून जमा करावी लागेल. पण त्या धाकट्या भावाचं पुढं काय होतं, ते मला कळायला हवं."

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. वाचणारी! विचारणारी! वाघ आला नसतानाही!

"भेटन ना! काहून नाही भेटनार? अडीचशे रुपये."

मॅडमनी हातातली फाइल उघडली आणि माझा जबाब माझ्यापुढं धरला. शाई अजून वाळायची होती.

दिली प्रत. वर त्या म्हणाल्या, "पहिल्या पानावर सही द्या की." जन्मात कुणी माझी सही मागितली नव्हती. त्या एका दिवसात दोनदा मागितली, तीही एकाच बाईनं, आणि दोन्ही वेळा फुकट!