पाठ समुद्राकडे

तांबं शुद्ध करण्याच्या कारखान्यात ओनोरियो आरायाची उभी हयात आम्लाच्या हौदांवर गेली. अलीकडे त्याच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. मुकादमाची जागा रिकामी होती आणि तिच्याबरोबर खुर्ची मिळणार होती. मध्ये फक्त एक तोंडी परीक्षा होती, आणि तीत तो एकदा आपटला होता.

दोष कारखान्यातल्या बोलायच्या रिवाजाचा होता. हौदात दोन तऱ्हेच्या लाद्या शेजारी शेजारी टांगतात. वीज सोडली की एकीचं तांबं सुटून दुसरीवर बसतं. कामगार त्यांना जाड्या आणि रोड्या म्हणत. पण आत गेलेला जाड्या काही आठवड्यांनी रोडावून निघतो आणि शेजारचा रोड्या बाळसं धरतो. त्यामुळे इंजिनियरसाहेबांनी "यातला ॲनोड कुठला?" विचारलं, तेव्हा ओनोरियो प्रामाणिकपणे म्हणाला होता, "आठवडा कितवा, त्यावर आहे, साहेब."

बायको एदुलिया पाद्रीबाबांना विचारून आली. संध्याकाळी चहाबरोबर पावावर अवोकाडो फासता फासता तिने सांगितलं, शब्द ग्रीक आहेत. ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली उतरणारी.

"दोन्ही क्रेनने खालीच जातात," ओनोरियो म्हणाला.

"क्रेनला कोण विचारतंय? ज्या इंग्रज शास्त्रज्ञाने ही नावं दिली, त्याने वीज सूर्यासारखी फिरते असं धरलं. शिरते ती उगवतीची बाजू, म्हणजे ॲनोड; बाहेर पडते ती मावळतीची, म्हणजे कॅथोड. तुमच्या लाद्या येतात कुठून?"

"डोंगरातून."

"आणि तयार माल?"

"बोटीने जातो."

"म्हणजे उगवतीकडून मावळतीकडेच. एवढं ध्यानात राहील, की तेही आठवड्यावर आहे?"

परीक्षेच्या दिवशी धुक्याने डोंगर आणि समुद्र दोन्ही गिळले होते. साहेबांनी विजेचे बाण काढलेलं हौदाचं चित्र पुढे सरकवून तोच प्रश्न विचारला. ओनोरियो उठून खिडकीशी गेला.

"काय बघताय, आराया?"

"डोंगर."

"दिसतोय?"

"नाही."

तेवढ्यात बंदरात बोटीचा भोंगा झाला. ओनोरियोने आवाजाकडे पाठ केली, न दिसणाऱ्या डोंगराकडे तोंड केलं, मग परत येऊन चित्रावर बोट टेकलं. "वीज हौदात शिरते ती इथून. हा ॲनोड. जाड असो की रोड."

साहेबांनी मान डोलावली.

खुर्ची मिळाली. ती त्याने समुद्राकडे पाठ करून मांडली आहे. कुणी विचारलंच तर सांगतो, सकाळचं ऊन गुडघ्यांना चांगलं.