एकेचाळीस अर्जांची लेबलं

नाव : मिनिमोल सी. व्ही. वय : अडतीस. मुक्काम : तिरुवनंतपुरम. हुद्दा : सहायक प्रणालीकार (कंत्राटी, तात्पुरती, वर्ष अकरावे). विशेष प्रावीण्य : लेबल. सदर व्यक्ती कायम पदासाठी विचाराधीन असून विचार चालू आहे.

लेबल म्हणजे संगणकावरच्या अर्जात रिकाम्या चौकटीशेजारी लिहिलेलं ‘नाव’, ‘वय’, ‘नातं’. यात प्रावीण्य ते कसलं, असं मिनिमोलच्या नवऱ्यालाही वाटे. पण किनारी कुटुंब मंडळाचे अर्ज ज्या तयार सांगाड्यावर उभे होते, त्यातलं लेबल नुसतं उमटून गप्प बसे. मिनिमोलने सहा महिने खपून स्वतःचा टॅग, म्हणजे लेबल घडवणारी तयार आज्ञा, बनवला. प्रोग्रॅममध्ये त्याची एक ओळ लिहिली की लेबल मल्याळममध्ये उमटे, माहिती सक्तीची असेल तर तांबडा तारा लावून घेई, आणि त्यावर टिचकी मारली की कर्सर थेट चौकटीत जाऊन आधीचा मजकूर निवडून ठेवी. खोडायचेही कष्ट नकोत. तिचे वरिष्ठ वासवन सर म्हणाले, "एकेचाळीसही अर्जांत हा चालू दे, तुझ्या फाइलवर मी स्वतः शिफारस लिहितो."

मग ती किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांत जाऊन कारकुनांना शिकवून आली. चौकट शोधत बसू नका, लेबलावर टिचकी मारा आणि कागदावर नजर ठेवून टाइप करा. सरकारी कारकून शिकवलेलं सहसा करत नाहीत. यांनी केलं.

चार महिन्यांनी त्यातल्याच एका कचेरीतल्या कारकून स्टेलाम्माचेचीचा, म्हणजे स्टेलाम्माताईचा, फोन आला.

"मोळे, अगं पोरी, इथल्या जेरोमला मंडळाचं पत्र आलंय. कुटुंबप्रमुख म्हणून हयातीचा दाखला घेऊन हजर राहा म्हणे."

"मग राहू दे की हजर, चेची."

"राहील गं, आईच्या कडेवर. अकरा महिन्यांचा आहे तो. आणि बापाचं नावच नाही तुझ्या यादीत. बाप माझ्यासमोर उभा आहे, आणि मला शिव्या देतोय."

मिनिमोलने अर्ज उघडून पाहिला. कुटुंबाच्या तक्त्यात माणशी एक ओळ होती, आणि तिच्या टॅगने सगळ्या ओळींतल्या लेबलांना पहिल्याच ओळीचा पत्ता दिला होता. पाचव्या माणसाच्या लेबलावर टिचकी मारली की कर्सर बापाच्या नावावर, आणि टाइप केलेलं नाव बापाचं नाव पुसून त्याच जागी. कारकुनांची नजर कागदावर. सहा हजार तीनशे घरांत आता एकेकच माणूस उरला होता, कागदावर सर्वांत शेवटी लिहिलेला, म्हणजे बहुधा शेवटी जन्मलेला. आणि मंडळाची मदत यादीतल्या माणसालाच मिळे.

दुरुस्ती एका ओळीची होती. तिने ती जेवणाआधी केली. पण मूळ कागद, नोंद होताच, नियमानुसार लगद्याच्या कारखान्यात गेले होते.

"लोकांकडून परत भरून घ्या ना, चेची."

"कसे? मासेमारी बुडवून आले होते ते. दुसऱ्यांदा यायचे नाहीत. आले तर भांडायलाच येतील."

वासवन सरांनी तिचा खुलासा दोनदा वाचला.

"सर, टॅग आता बरोबर आहे."

"आहे ना. म्हणजे आधी नव्हता, हे तू लेखी दिलंस."

"न देऊन कसं चाललं असतं?"

"चाललं असतं. अकरा वर्षं इथे काय शिकलीस तू?"

टॅग एकेचाळीसही अर्जांतून काढला गेला. शिफारस मात्र सरांनी शब्द दिल्याप्रमाणे लिहिली : ‘सदर कर्मचाऱ्याने स्वतंत्र प्रज्ञेने निर्मिलेली लेबल-प्रणाली विभागास चिरकाल मार्गदर्शक ठरेल.’

मार्चअखेर करार संपला. नवा झाला नाही.