स्क्रीनचा फोटो आणि माझी जीभ

“कॅन्सर आहे. अर्धी जीभ काढावी लागेल.” डॉक्टर हे माझ्याकडे न बघताच बोलले. मी जालन्याच्या मोसंबी मार्केटात हर्राशी, म्हणजे लिलाव, पुकारतो. माझं घर या जिभेवरच चालतं.

सुरुवात साधी होती. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा, तिखटाने आग. महिनाभर मी तूप लावत बसलो. तुम्ही बसू नका. मग बायोप्सी झाली, म्हणजे चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासणं, आणि आठ दिवसांनी हे वाक्य.

ऑपरेशन सोमवारी ठरलं. मी मान हलवली. माझी बायको सुशीला मात्र उठलीच नाही. “डॉक्टरसाहेब, तुकडा सगळा बघितला ना बराबर?”

“रिपोर्ट आलाय ना, ताई,” डॉक्टर वैतागले.

ती तडक लॅबमध्ये गेली, मी मागोमाग. तिथल्या बाईंनी खरं ते सांगून टाकलं. तुकड्याचा पातळ काप काचपट्टीवर ठेवतात, त्याचा स्कॅन, म्हणजे प्रचंड मोठा फोटो, वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. “आमच्या मशीनवर ते अटकून राह्यलंय. मंग स्क्रीनवर दिसलं तेवढ्याचा मोबाईलवर फोटो काढून रिपोर्ट लिहिणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना पाठवला.” त्या फोटोवरून रिपोर्ट!

माझं डोकंच फिरलं. मार्केटात वरची चार फळं बघून कुणी बोली लावत नाही. ढीग खालपर्यंत उकरून दाखवला नाही तर व्यापारी माझी गचांडी धरतील. आणि इथे माणसाच्या जिभेचा निकाल एका फोटोवर? मी काउंटरवर ओरडलो. माणसं गोळा झाली. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

सोमवारचं ऑपरेशन थांबवून, काच आणि स्कॅन घेऊन आम्ही संभाजीनगरला गेलो. तिथे मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी, म्हणजे पेशींवरून रोग ओळखणं, शिकवणाऱ्या मॅडम होत्या. विद्यार्थ्यांना शिकवतात त्याच सॉफ्टवेअरवर त्यांनी स्कॅन उघडला. आधी अख्खा तुकडा, मग मोबाईलच्या नकाशात जिल्ह्यातून गल्लीत शिरावं तसं आत, आणखी आत. कडेपासून कडेपर्यंत पाऊण तास.

“डिस्प्लेशिया आहे,” त्या म्हणाल्या. म्हणजे पेशी बिघडल्यात, पण खाली घुसलेल्या नाहीत; कॅन्सर अजून झालेला नाही. “तुकडा तिरपा कापला गेलाय, काका. एकाच जागी बघितलं तर पेशी खाली घुसल्यासारख्या दिसतात आणि कॅन्सर वाटतो. चट्टा तेवढा काढू आणि पुन्हा तपासू.”

चट्टा काढला. त्यातही कॅन्सर निघाला नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, ती मी चुकवत नाही.

जुन्या डॉक्टरांना नवा रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, “होतं असं कधीकधी.” माफी न्हाई, काही न्हाई. संताप अजून उतरलेला नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर विचारा, सगळं बघितलंत का आणि कशावर बघितलंत. डॉक्टर वैतागले तर वैतागू द्या. मी रोज हजार माणसांत ओरडतो, पण डॉक्टरांच्या त्या खोलीत माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. माझ्या जिभेसाठी बोलली ती सुशीला.