सुतकातलं कासव

आत्याच्या घरात कॅमेरा बसवायचं नाव काढलं तेव्हा ती फणकाऱ्याने म्हणाली, "मी काय चोर हाय, माझ्यावर पाळत ठेवायला?" मालगुंडला ती एकटी राहते. मूलबाळ नाही, काका जाऊनही बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी ती मागल्या दाराच्या पायरीवर घसरली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, एकच धोशा लावला होता, ताईने घर बंद करून रत्नागिरीला आमच्याकडे यावं. आत्या ऐकून घ्यायची आणि विषय आमसुलांवर न्यायची.

मी मिरजोळ्याला दिवे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात नमुने करते. नवा दिवा साच्यात जाण्याआधी तो पुठ्ठ्याचा करून बघायचा, मोडायचा, पुन्हा करायचा, हे माझं काम. तेव्हा मीच मधला मार्ग काढला. दोन दिवे करायचे, एक तिच्याकडे, एक आमच्याकडे. सकाळी उठून तिने आपल्या दिव्याला हात लावला की आमचा उजळेल, आम्ही लावला की तिचा. पाळत नाही, काही नाही. नुसतं, बरी आहे.

बाबा म्हणाले, "खेळणी कर तू." पण अट घालायला विसरले नाहीत. ज्या सकाळी दिवा लागणार नाही आणि फोनही उचलला जाणार नाही, त्या दिवशी ताईने बॅग भरायची. आत्या कबूल झाली. तिचं घर माझ्या पुठ्ठ्यावर टांगलं गेलं.

आमच्याकडे पुठ्ठ्याला तोटा नाही, आंब्याचे खोके माळ्यावर पडलेलेच असतात. आधी मी मांजर केलं. त्याची मान दमट हवेने दुसऱ्याच दिवशी लुळी पडली. मग हत्ती केला, तो डुकरासारखा दिसायला लागला. शेवटी कासव सुचलं. पाठ घुमटासारखी, आत बॅटरी, सिमकार्ड आणि दिवा मावायला ऐसपैस जागा, वर हात ठेवायला सोपी. पाठीवर चिरा पाडून आतून पतंगाचा पिवळा कागद चिकटवला आणि दिवा लावला, तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. दोन्ही कासवांच्या पोटाखाली "हापूस" हा छापील शब्द तसाच राहिला. हा नुसता नमुना, चांगला दिवा नंतर करू, असं मी आत्याला बजावलं.

आत्याने कासव हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि थेट देवघरासमोर नेऊन ठेवलं, तोंड देवांकडे करून. देवळात असतं तसं. दुसऱ्या खेपेला गेले तर पाठीवर हळदकुंकू. आंघोळ झाली की ती कासवाच्या पाठीला हात लावायची, तो कपाळाला टेकवायची आणि मग देवांकडे वळायची. इकडे आमच्या फ्रिजवरचं कासव उजळायचं. कुंकवाने आतली तार बिघडेल एवढीच काळजी मला वाटली. बाकी मी खूश होते. मारून मुटकून लावलेली सवय सुटते, ही तर पूजाच झाली, ती कशी चुकेल?

आणि एका सकाळी कासव उजळलं नाही.

चहा झाला, डबा भरून झाला, फ्रिजवर अंधारच. फोन वाजत राहिला. शेजारणीचाही लागेना. लाइट गेली असेल, असं म्हणायचीही सोय नव्हती, बॅटरी मीच घातली होती. बाबांनी कपाटावरची रिकामी बॅग काढली आणि गाडीत टाकली. आरे-वारेच्या रस्त्याने जाताना मला समुद्राकडे बघवेना. मनात ती पायरी, आणि पायरीवर पडलेली आत्या. मीच हे खूळ काढलं, कॅमेराच बसवायला हवा होता, असं मी स्वतःला शिव्या घालत राहिले.

पोचलो तर आत्या अंगणाच्या दगडी गडग्याच्या फाटकातून समोरून चालत येत होती. धडधाकट.

"तुम्ही कसे काय आलात सकाळच्याला?"

बाबा गाडीतून उतरलेच नाहीत, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. ओरडले मीच. "आत्या, कासवाला हात का नाही लावलास? फोन कुठाय?"

"फोन घरात ऱ्हायला. आमच्या भावकीतला म्हातारा गेला पहाटे, त्यांच्याकडं गेलेले." मग ती माझ्याकडे बघतच राहिली. "आणि सुतकात कासवाला हात लावू काय गो मी? अक्कल हाय काय नाय तुला?"

सासरच्या भावकीचं सुतक, आम्हाला ते नाही, म्हणून आम्हाला कळायचंही कारण नव्हतं. पुठ्ठ्याचा देव केला तिने, आणि तो देव झालेला दिसत असून मी त्याचा पुढचा हिशेब केला नाही.

बाबा ओटीवर येऊन बसले. बॅग त्यांच्या पायाशी. "ताई, अट ठरली होती," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

आत्याने बॅगेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला असं पाहून मला फार वाईट वाटलं. मग ती मलाच म्हणाली, "दुपारच्याला तू कामावर असतंस ना?"

"हो."

"मग रोज दुपारी माझं कासव कोण लावतो? जेवताना एकदा लागतं, चहाच्या टायमाला परत लागतं. मी म्हणत्ये, कोणतरी हाय जेवायला सोबत."

मी बाबांकडे पाहिलं. घरी दुपारी दुसरं कोणी नसतं. खेळणं म्हणणारे बाबा अंगणातल्या विहिरीकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

मग बाबा उठले, आत्याच्या माळ्यावरून आंब्याचा खोका काढला आणि म्हणाले, "सुरी दे गो. मांजर कर. मांजराला सुतक लागत नाही." मी कासवाच्या पोटातलं सामान काढून मांजरात घातलं. कान बाबांनी कापले, एक लांब, एक आखूड. आत्या हसली. ते मांजर चुलीशेजारी ठेवलं.

बॅग आम्ही रिकामीच परत आणली. घरी पोचल्यावर चपला न काढताच बाबा फ्रिजकडे गेले. कासव उजळलेलं होतं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तोच हात त्यांच्याही नकळत कपाळाला गेला.