स्वच्छ लघवीचं बक्षीस

परभणीच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक होते, तेव्हा आम्हाला एका संशोधनासाठी निधी मिळाला. दर आठवड्याला लघवी तपासायची. गांजाचा अंश सापडला नाही, तर त्या माणसाला स्टीलचं एक भांडं द्यायचं. औषध नाही, उपदेशही नाही. माझी उमेदीची वर्षं उपदेश करण्यातच गेलेली, त्यामुळे मला ही योजना जरा झोंबलीच.

मेंढरं राखणारा एक अबोल माणूस बोरी गावाहून यायचा. बायको त्याला जवळजवळ ओढतच आणायची. गांजा अंगातून लवकर निघत नाही, म्हणून सुरुवातीला तो रिकाम्या हातानंच परतला. मग एकदा वाटी मिळाली.

"काईच न करायचं बी बक्षीस असतंय व्हय?" म्हणाला, आणि हसला. माझ्या उपदेशाला तो कधी हसलाही नव्हता.

घरात भांडी वाढत गेली. मग निधी देणाऱ्या संस्थेची मंडळी पाहणीला आली. त्यांच्यातल्या एका साहेबांनी त्याला विचारलं, "भांडी बंद झाली तर पुन्हा ओढाल का?"

त्यानं खरोखर विचार केला. "आत्ता कसं सांगू साहेब?"

तो खरं बोलला आणि आम्ही बुडालो. भांडी ही लालूच आहे, माणसाला आतून प्रेरणा हवी, असं मंडळींचं मत पडलं. भांडी थांबली, तपासणी तेवढी चालू राहिली. निधी चालू राहिला, पण आतून प्रेरणा कशी जागवावी याच्या कार्यशाळेसाठी. ती मोठ्या शहरातल्या हॉटेलात झाली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सभागृह ओस पडलं, तेव्हा आयोजकांनी जाहीर केलं की समारोपापर्यंत थांबणाऱ्यांना एक बॅग मिळेल. सगळे परत आले. मीही थांबले. बॅग चांगली निघाली.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याची बायको एकटीच आत आली. पदराखालून तांब्या काढला.

"ताई, ह्यो घरचाच हाय. तुमच्या हातानं द्या त्यान्ला."

"अहो, ते ओळखतील की!"

"वळखू द्या. तुमी द्या."

तपासणी स्वच्छ आली. मी तांब्या पुढे केला. त्यानं तो फिरवून पाहिला, बुडाचा पोचा अंगठ्यानं चाचपला, बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"बरं," म्हणाला, आणि तांब्या पिशवीत टाकला.

मग त्यांच्याच घरची भांडी एसटीनं परभणीला यायची आणि माझ्या हातून बोरीला परतायची. पोखर्णीच्या जत्रेत तो एकदा घसरला, पण त्या आठवड्यातही आला आणि मुकाट्यानं रिकाम्या हातानं गेला.

पुढे मी ती नोकरी सोडली. परवा मानवतच्या बाजारात तो दिसला. अंगानं भरला होता. मी विचारलं, "बायको अजून देते का बक्षीस?"

"देती की. मधी आमचं भांडण झालतं, तवा महिनाभर काईच न्हाई दिलं."

"मग ओढलात?"

"न्हाई. पर राग लय आलता."